पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना: आंबा सरल्यावरचा आधार

देवगड-राजापूरकडे हातात पैसा खुळखुळतो तो एप्रिल-मेमध्ये. पागोळ्या गळायला लागल्या की नुसता खर्च. म्हणून साठी ओलांडलेल्यांना ही योजना इथे फार सोयीची. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख. दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये, आणि १ जुलैचा हप्ता नेमका गरजेच्या वेळी येतो.

चुकतं ते इथे: व्याज न उचलता पडू दिलं, तर त्यावर पुन्हा व्याज मिळत नाही. सुरुवातीलाच ते बचत खात्याला जोडून घ्या. सगळी पुंजी मात्र अडकवू नका. वर्षाच्या आत खातं मोडलंत तर दिलेलं व्याज मुद्दलातून कापतात. दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. छपराच्या डागडुजीचे पैसे वेगळेच ठेवा.