राजदूत 350 : एचटी घ्यावी की एलटी?

एस्कॉर्ट्सने 1983 साली बाजारात आणलेली राजदूत 350 ही यामाहाच्या आरडी 350 बी या गाडीची भारतीय आवृत्ती होती. आज जुनी गाडी म्हणून ती घेऊ पाहणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावे की या एकाच नावाखाली दोन वेगळ्या स्वभावाच्या गाड्या विकल्या गेल्या. 347 सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि एकूण सांगाडा दोन्हींत तोच आहे. मात्र जपानी मूळ गाडीची सुमारे 39 अश्वशक्ती सुरुवातीच्या एचटीमध्ये (हाय टॉर्क) 30.5 वर आणि इंधन वाचवण्यासाठी पुढे काढलेल्या एलटीमध्ये (लो टॉर्क) 27 वर उतरली. ही घट मुख्यतः सिलिंडरच्या पोर्टमध्ये, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या छिद्रांमध्ये, बदल करून साधलेली असल्यामुळे बाहेरून पाहून ती सहज कळत नाही. बाजूच्या पत्र्यावर एचटीचे स्टिकर लावायला कितीसा खर्च येतो?

एचटीचा खरा गुण चढत्या आरपीएमवर जाणवतो. खालच्या टप्प्यात शांत वाटणारे इंजिन मध्यावर पोहोचले की एकदम मोकळे होते आणि गाडी झेपावते. त्या काळी 18 अश्वशक्तीच्या बुलेटवर समाधान मानणाऱ्या भारतीय रस्त्यांवर हा अनुभव अपूर्वच होता. शिवाय पहिल्या गाड्यांमध्ये जपानहून आलेले सुटे भाग अधिक असल्याने त्यांची घडणही सरस मानली जाते. एलटी खालच्या आरपीएमवर शहाण्यासारखी चालते, पण तिच्यात ती झेप नाही.

या गाडीचा सर्वांत गंभीर दोष मात्र दोन्ही प्रकारांत सारखाच आहे. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. येथे त्याच्या जागी 7 इंची ड्रम बसवला गेला. पकड वाढवणारे दोन लीडिंग शू असूनही वेगात वारंवार दाबल्यावर तो तापतो आणि त्याची पकड सुटू लागते. इंजिन जपानी वेगाचे ठेवून ब्रेकमध्ये काटकसर करणे हा निर्णय माझ्या मते अक्षम्य होता. घाटात ही गाडी उतरवताना ब्रेकवर भिस्त ठेवू नये, आणि टू-स्ट्रोक असल्याने इंजिनच्या ब्रेकिंगवरही नाही.

दुसरी दुखणी वयाची आहेत. गाडी बराच काळ उभी राहिली की क्रँकचे रबरी सील कडक होतात. उजवीकडचे सील गेले तर गिअरबॉक्सचे ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाऊन सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो, आणि हा दोष निदान दिसतो तरी. डावीकडचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन जाम होण्याची वेळ येते. धूर नाही म्हणून निश्चिंत होणारा गिऱ्हाईक येथेच फसतो. पेट्रोलमध्ये ऑइल वेगळे मिसळावे लागू नये म्हणून दिलेला ऑइल पंप हवा धरल्यास किंवा त्याची केबल नीट न जुळवल्यासही परिणाम तोच. इंजिनात जाणारे मिश्रण उलट फिरू न देणाऱ्या रीड व्हॉल्व्हच्या जुन्या पोलादी पात्या उघडून तपासाव्यात, कारण तुटलेला तुकडा थेट सिलिंडरच्या दिशेने जातो.

सिलिंडर किती वेळा बोअर केले आहे, म्हणजे झिजल्यावर आतून कापून रुंद केले आहे, हे पिस्टनच्या माथ्यावरील ओव्हरसाइजच्या खुणेवरून कळते. ही खूण जितकी मोठी तितकी सिलिंडरमध्ये पुढच्या बोअरसाठी जागा कमी. पोर्ट घासून ‘सुधारलेली’ एलटी एचटीच्या भावाने विकली जात असेल, तर तिच्यापासून चार हात लांबच राहावे. चांगल्या मिस्त्रीकडून सिलिंडर खोलून खात्री करता आली तरच एचटीसाठी जास्त पैसे मोजावेत; विकणारा त्याला तयार नसेल, तर न छेडलेली एलटी मी आनंदाने पसंत करीन.