कार्डिनलच्या भावात नियॉन: इंदूरमध्ये मासे घेताना होणारी फसवणूक

राजेंद्रनगरातल्या एका घरी ऐन जानेवारीत वीस ‘कार्डिनल टेट्रा’ (निळ्या-लाल पट्ट्यांचे छोटे शोभेचे मासे) आले, त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या स्वस्त नियॉन टेट्राच्या तिप्पट भावाने. दुकानदाराच्या सांगण्यावरून हीटर २८ अंशांवर लावला. पंधरवड्यात निम्मे मासे गेले. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: ‘‘भिया, पानी खराब है आपका.’’ वर दोन बाटल्या औषध गळ्यात मारलं. उरलेल्या माशांकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं, ते सगळे नियॉन होते.

ओळखायची जागा एकच, पोट. नियॉनची लाल पट्टी शरीराच्या मध्यापासून शेपटीकडे जाते, पुढचं पोट चंदेरी असतं. कार्डिनलचा लाल रंग निळ्या पट्टीखाली डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग असतो. ‘पिल्लं आहेत, मोठी झाली की लाल होतील’ हे खोटं. दीड-दोन सेंटिमीटरच्या कार्डिनललाही लाल पट्टी पूर्ण दिसते. याच कुळातला तिसरा मासा म्हणजे ग्रीन नियॉन. त्याची निळी रेघ थेट शेपटीच्या मुळापर्यंत जाते आणि लाल फिका असतो. तोही ‘छोटा कार्डिनल’ म्हणून खपवला जातो.

मग दुकानात हे दिसत का नाही? दिव्यामुळे. गुलाबी-जांभळ्या एलईडीखाली नियॉनचं चंदेरी पोट आरशासारखं तो रंग परत फेकतं आणि लालसर भासतं. पिशवीत मेथिलीन ब्लू हे पाणी निळं करणारं औषध टाकलं की उरलीसुरली ओळखही बुडते. म्हणून टाकीचा दिवा बंद करायला सांगा आणि साध्या पांढऱ्या उजेडात, मासे पिशवीत भरण्याआधी, बाजूने बघा. दुकानदार कुरकुर करू लागला तर तिथेच थांबा. एक खुलासा मात्र दुकानदारांच्या बाजूने: अंधारात किंवा घाबरल्यावर दोन्ही जातींचा रंग उडतो, तेव्हा पहिल्या सकाळी मासे फिके दिसले म्हणून भांडायला धावू नका.

नावाची फसवणूक पुढे निगराणीत उतरते. कार्डिनल २४ ते २८ अंशांत सुखात राहतो, नियॉनला २१ ते २५ बरं. २८ अंशांनी कुणी एका रात्रीत मरत नाही, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज वाढते. त्यात टाकी नवी असेल तर माशांच्या मलमूत्रातून होणारा विषारी अमोनिया साचतो, आणि अशक्त मासे आधी जातात. इंदूरच्या मे महिन्यात तर हीटरशिवायच पाणी तिशी गाठतं; पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतं. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा, बोअरच्या नाही, नाहीतर क्षार वाढत जातात. ‘पानी खराब है’मध्ये कधीकधी तथ्यही असतं: नळाच्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटिक्लोरीन हवंच. बोअरचं जड पाणी या माशांना मानवत नाही. पण अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट मोजून शून्य आले असतील तर दोष पाण्यावर ढकलू देऊ नका.

घेताना पोट खपाटीला गेलेले, पाठीच्या पंखाखाली पांढुरका डाग असलेले किंवा थवा सोडून एकटे फिरणारे मासे नको. तो डाग त्वचेखाली असेल आणि निळी पट्टी मध्येच तुटली असेल तर नियॉन टेट्रा रोगाचा संशय धरा. त्यावर खात्रीचं औषध नाही. मेलेला मासा इतरांनी कुरतडला की बीजाणू पसरतात, तेव्हा तो लगेच काढा. नवे मासे वीस-तीस लिटरच्या वेगळ्या टाकीत, आधीच चालू असलेल्या स्पंज फिल्टरवर, तीन-चार आठवडे ठेवा. पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब तासभर सोडा, मग मासे जाळीने उचला; पिशवीतलं पाणी मोरीत. दहाच्या खाली थवा घेऊ नका. थोडे असले की कोपऱ्यात दबून राहतात.

गुलाबी, निळे, जांभळे ‘विडो टेट्रा’ही दिसतील. त्यांतल्या बऱ्याच माशांना रंग बुडवून किंवा सुईने टोचून दिलेला असतो, काही आठवड्यांत-महिन्यांत तो फिकटतो. जखमेतून संसर्ग होतो तो वेगळाच. स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

बिलावर ‘फिश २० नग’ चालणार नाही. ‘कार्डिनल टेट्रा’, नग आणि दर लिहून घ्या, पांढऱ्या उजेडातला छोटा व्हिडिओही काढून ठेवा. राजेंद्रनगरच्या बिलावर जात लिहिलेलीच नव्हती, त्यामुळे दुकानदार हात झटकून मोकळा झाला. दाद मागायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी हेच कागद विचारतील.