डब्लिनची ट्राम: लाल की हिरवी?
आयरिश भाषेत ‘लुअस’ म्हणजे वेग. डब्लिनच्या या ट्रामचे लाल आणि हिरवा हे दोन्ही मार्ग २००४ साली सुरू झाले, पण नावाला खरी जागते ती हिरवी. दक्षिणेकडे ती १९५८ मध्ये बंद पडलेल्या हार्कोर्ट स्ट्रीट रेल्वेच्या जुन्या वाटेवरून धावते. तिथे ना सिग्नलची गर्दी, ना गाड्यांची. ती वाट राखली गेली, हे शहराचं भाग्यच! लाल ट्राम टाला या उपनगराकडून येते आणि शहरात शिरली की चौकाचौकांत रेंगाळते. तरी ह्यूस्टन आणि कॉनली ही दोन्ही मोठी रेल्वे स्थानकं जोडते तीच, म्हणून सामान घेऊन निघालेल्यांनी लालच धरावी. २०१७ च्या डिसेंबरपर्यंत मात्र हे दोन मार्ग कुठेच भेटत नसत, त्यामुळे एकीतून उतरून दुसरीपर्यंत चालतच जावं लागे.