ॲपवरचा 'सोपा' ट्रेल, आई आणि पाच वर्षांचा लेक
दोन महिने हे ट्रेलचं ॲप वापरतेय. नकाशे खरंच छान, नेटवर्क नसतानाही चालतात, त्यासाठी चार स्टार, पण ग्रेडिंगला दोनच. ६ किमीचा 'सोपा' ट्रेल बघून आईला आणि पाच वर्षांच्या लेकाला घेऊन गेलो, तर चढ निघाला ४५० मीटरचा आणि उतारावर सगळा सुटा मुरूम, आई माझा खांदा घट्ट धरून एकेक पाऊल आडवं टाकत उतरली. ॲपवर वेळ दोन तास, आम्हाला लागले साडेचार! चालायला किती वेळ लागेल याचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम आहे ना, ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला अजून एक, तो धडधाकट माणसाचा हिशोब, त्यात थांबणं धरलेलंच नाही. आता मी आधी उंचीचा आलेख उघडते, रेष कुठे उभी होते ते बघते, मग लोकांचे अलीकडचे फोटो झूम करून पायाखाली काय आहे ते. व्हीलचेअर नाहीतर स्ट्रोलरवाल्यांचं तर एका पायरीवर अडतं हो, वाटेची रुंदी आणि पायऱ्या तेवढ्या तरी टाका प्लीज.