सरकारी अर्बन हेल्थ सेंटरमधला टीबीचा उपचार : आमच्या घरचा अनुभव (5 पैकी 4)

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, वय 65. सरकारी दवाखान्याची पायरी तोवर कधी चढले नव्हते. धाकटा मुलगा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला आहे. 2024च्या दिवाळीनंतर त्याचा खोकला महिना झाला तरी हटेना. खाजगी डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. वजन 57 वरून 48 वर आलं, संध्याकाळ झाली की अंगात कणकण. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, ‘‘आधी बेडका तपासून घ्या. सेंटरवर एक पैसा लागत नाही.’’

सेंटरवर गेलो, तर बेडक्यासाठी दोन डब्या दिल्या. एक तिथेच भरायची, दुसरी सकाळी उठल्या उठल्या. मशीनवर टीबी निघाला, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल हेही त्याच तपासणीत कळलं. मग एचआयव्ही आणि साखर तपासायला सांगितली तेव्हा मी घाबरले. सिस्टरने शेजारी बसवून सांगितलं, टीबीच्या प्रत्येक पेशंटची ही तपासणी करतातच.

गोळ्या वजनावर ठरतात. 48 किलोला रोज तीन. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, नंतरचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होईल, भिऊ नका, हे आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी आम्ही हाय खाल्ली असती. डोळ्यांना धूसर दिसलं किंवा डोळे पिवळे झाले तर थांबू नका, लगेच या, असंही बजावलं.

मला खरं मोल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. आठवड्याच्या आत आशाबेन, म्हणजे घरोघरी फिरणारी आशा सेविका, आणि सेंटरचे टीबीचं काम बघणारे एक भाई घरी आले. घरात किती माणसं, खिडक्या किती, कोण कुठे झोपतं, सगळं विचारलं. आम्हा सगळ्यांचे एक्स-रे झाले. मोठ्याचा मुलगा चार वर्षांचा, त्याला आजार नव्हता, तरी सहा महिने आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सुरू केलं, पुढे होऊ नये म्हणून. खाजगीत आम्ही पेशंट घेऊन गेलो होतो, पेशंटचीच चिठ्ठी घेऊन परतलो. त्या पोराचं नाव कुणी काढलं नव्हतं. आरोग्य खात्याचं काम म्हणजे दवाखाना चालवणं असं मी इतकी वर्षं समजत होते.

तिसऱ्या महिन्यात धाकट्याला बरं वाटू लागलं आणि तो गोळ्यांचा कंटाळा करायला लागला. गोळ्या न्यायला दोन दिवस उशीर झाला तर फोन आला, आणि संध्याकाळी आशाबेन दारात. ‘‘मासी, एक पण दिवस दवा चूकता नहीं.’’ अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होतो, मग उपचार लांबतो आणि गोळ्याही जड होतात, हे तिने त्याला समोर बसवून सांगितलं. माझं त्याने ऐकलं नव्हतं, तिचं ऐकलं.

एक स्टार कापला तो बसायच्या जागेसाठी. खोकणारे पेशंट आणि लस द्यायला आणलेली तान्ही बाळं एकाच अरुंद पॅसेजमध्ये बसतात. बुधवारी तर पाय ठेवायला जागा नसते. टीबीवाल्यांना मोकळ्या हवेत, बाहेरच्या ओट्यावर बाक टाकून द्यायला फार खर्च येणार नाही. मी हे लिहूनही दिलं आहे. तोवर तुम्ही बुधवार टाळा, मास्क लावा.

टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार पैसे देतं, ते निक्षय पोषणचे पैसे आधी महिन्याला 500 होते, 1 नोव्हेंबर 2024पासून 1,000 झाले. आमचे उशिरा आले, कारण बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी बँकेत जाऊन ते काम उरकून घ्या. आम्ही त्या पैशातून अंडी, शेंगदाणे आणि दूध वाढवलं.

जूनमध्ये गोळ्या संपल्या. वजन 55, सकाळी कमाटी बागेत फेऱ्या मारतो. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात. डिसेंबरची झाली, बेडक्यात काही निघालं नाही. पुढची जूनमध्ये आहे, कॅलेंडरवर आशाबेननेच खूण करून ठेवली आहे.