रदरफर्ड–बोल्टवूड पत्रसंग्रह: काही महिन्यांच्या वापरानंतर

भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे रसायनज्ञ बर्ट्रम बोल्टवूड यांचा, लॉरेन्स बॅडॅश यांनी संपादित केलेला पत्रसंग्रह (येल, १९६९) गेले काही महिने सतत हाताशी आहे. किरणोत्सर्गाचे मोजमाप कसे पक्के होत गेले, हे कळायला अत्यंत मोलाचा. पण विषयाची तोंडओळख म्हणून घेऊ नका.

पहिली अडचण जुन्या नावांची. ‘इमॅनेशन’ म्हणजे रेडियममधून निघणारा वायू रेडॉन-२२२, रेडियम बी म्हणजे शिसे-२१४, रेडियम सी म्हणजे बिस्मथ-२१४, आयोनियम म्हणजे थोरियम-२३०. ही यादी आधीच लिहून ठेवा. १९०६ मधले ‘ॲक्टिनियम’ तर फारच फसवे. त्यापासूनच रेडियम बनते असे तेव्हा वाटले; पण बोल्टवूडच्या नमुन्यात रेडियम वाढत होते ते सोबत आलेल्या आयोनियममुळे, हा उलगडा १९०७ साली झाला.

खरा कस लागतो युरेनियम-रेडियम प्रमाणाच्या, म्हणजे खनिजात युरेनियममागे किती रेडियम असते याच्या प्रकरणात. खनिज विरघळवायचे, उकळून आधीचे इमॅनेशन घालवायचे आणि द्रावण महिनाभर सीलबंद ठेवायचे. इमॅनेशनचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) ३.८ दिवस, त्यामुळे ३० दिवसांत ते ९९ टक्क्यांहून जास्त भरून येते. मग वायू सुवर्णपत्र विद्युतदर्शीत (विद्युतभाराने उचललेले सोन्याचे पातळ पान किरणोत्सर्गाने खाली येते, असे उपकरण) घेऊन तीनेक तास थांबायचे आणि पान किती वेगाने खाली येते ते मोजायचे. घाई केली तर इमॅनेशनपासून बनणारे रेडियम बी आणि सी अजून साठतच असतात, त्यामुळे वेग कमी भरतो.

एवढे सगळे नेटके करूनही १९०५ चा आकडा दुप्पट निघाला: एक टन युरेनियममागे ०.७४ ग्रॅम रेडियम. खोट तुलनेसाठी वापरलेल्या, ठरावीक रेडियम असलेल्या प्रमाण द्रावणातच होती. त्यातले बरेचसे रेडियम काचेवर बसले होते. उरलेल्या अर्ध्यालाच पूर्ण धरून हिशेब झाला. मॉन्ट्रियलमध्ये रदरफर्डचे सहकारी ईव्ह यांच्या तपासणीत ही तफावत दिसली आणि १९०६ साली आकडा ०.३८ वर आला. (आज तो ०.३४ मानतात.)

हा भाग अमेरिकन जर्नल ऑफ सायन्समधल्या दोघांच्या निबंधांशेजारी ठेवूनच वाचा. निबंधात दुरुस्ती दोन-तीन पानांत उरकते. पत्रांमध्ये संशय कुठे गेला, काय पुन्हा मोजले, हे तारीखवार सापडते. फक्त पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडतात, म्हणून उत्तर कोणत्या पत्राला आहे ते तपासून घ्या.

बोल्टवूडने १९०७ साली शिसे-युरेनियमच्या गुणोत्तरावरून काढलेली खनिजांची वयेही याच युरेनियम-रेडियम प्रमाणावर उभी आहेत. रेडियमचे अर्धायुष्य तेव्हा २६०० वर्षे धरले होते. त्यावरून आणि या प्रमाणावरून युरेनियमचा ऱ्हास वर्षाला सुमारे एक हजार कोटीवा भाग येतो. आज अर्धायुष्य १६०० वर्षे मानतात, त्यामुळे त्याची ४१ ते २२० कोटी वर्षांची वये जशीच्या तशी उतरवू नका. शिसे-युरेनियमचे गुणोत्तर घेऊन नव्याने काढा.