तीन कॉम्प्युटर, एक काटा-रजिस्टर

कापूस यायला लागला की जिनिंगच्या (सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) ऑफिसात काटा-रजिस्टरची, म्हणजे वजनांच्या नोंदींची, एकच एक्सेल फाइल तिघांना लागते: काट्यावरच्या पोराला, दिवाणजींना आणि पेमेंटवाल्याला. घाटंजी असो की हिंगणघाट, पेच तोच.

पेनड्राइव्हचं आधी आटपून घेऊ. 'काटा फायनल', 'काटा फायनल नवीन', 'काटा खरी फायनल' अशा तीन प्रती तयार होतात आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे वजन-पैशांचा हिशेब, चुकते. व्हॉट्सअ‍ॅपवर 2 जीबीपर्यंतची फाइल जाते खरी, पण तीही प्रतच.

उरले दोन मार्ग: आपसातलं शेअर फोल्डर (एका मुख्य कॉम्प्युटरवरचं, बाकीच्यांनाही उघडता येणारं) आणि गूगल ड्राइव्ह.

शेअर फोल्डरला इंटरनेट लागतच नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. राउटर आणि केबल पुरते. 100 एमबीपीएसच्या साध्या जोडणीवरही सेकंदाला 10 एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे सातबाऱ्यांच्या स्कॅनचं 500 एमबीचं फोल्डर मिनिटाभरात इकडून तिकडे. अडचण वेगळी. मुख्य कॉम्प्युटर बंद पडला की सगळे बसून. लाइन जाणारच, म्हणून यूपीएसवर राउटरही घ्या, तोच नेमका विसरतो. राउटरने मुख्य कॉम्प्युटरला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला तर सकाळी फोल्डर सापडत नाही, तो आयपी राउटरमध्येच पक्का करा. आणि सगळ्यांना सगळे अधिकार देऊ नका. काट्यावरच्या खात्याला पेमेंटचं फोल्डर दिसायचं कारण नाही.

खरी गोची पुढे आहे. एकाने एक्सेल उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचायला मिळते. दिवाणजी फाइल उघडी टाकून चहाला गेले की बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग!

ड्राइव्हवरच्या गूगल शीट्समध्ये (एक्सेलसारख्याच ऑनलाइन तक्त्यात) तिघं एकाच वेळी लिहितात, बिघडलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते, मालक नागपुरातून आवक पाहतो. फुकटची जागा 15 जीबी, पण जीमेल आणि फोटोही त्यातच मोजतात. स्कॅन तिथे भरू नका.

म्हणून आधी मोजा: रजिस्टरमध्ये लिहिणारे किती? एकच असेल तर शेअर फोल्डर डोळे मिटून घ्या. दोघं-तिघं असतील आणि नेट बऱ्यापैकी टिकत असेल, तर तेवढं रजिस्टर शीट्सवर, बाकी सगळं फोल्डरात. नेट टिकत नसेल तर लिहायचं काम एकाकडेच द्या.

फोल्डरची प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती घरी न्या. रुईच्या शेजारी ठेवू नका, आग लागली तर प्रतही जाईल.